नऊ सालांचा कागद

लातूर जिल्हा झाला त्याचं सगळ्यांना कौतुक, मला मात्र नव्हतं. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि महिनाभरात माझ्या हातात बदलीची ऑर्डर पडली. सेवायोजन कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक. नाव शिवम्मा. माहेर निलंग्याकडचं. आमच्या घरात आई कानडीत भांडायची आणि वडील मराठीत गप्प बसायचे. मी आईवर गेले.

नव्या जिल्ह्याचं नवं कार्यालय म्हणजे गंजगोलाईमागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, एक पंखा, तीन टेबलं आणि उस्मानाबादेहून पोत्यांत भरून आलेली बेकारांची कार्डं. कपाटं मागवली होती, ती चार वर्षांनीही यायचीच होती. काम तसं सरळ. नोकरी हवी असलेल्याने यायचं, नाव नोंदवायचं, शिक्षण किती, अनुभव काय ते सांगायचं. आम्ही ते कार्डावर लिहायचं. गिरणीवाल्याला, बँकेला, शाळेला माणूस हवा असला की त्यांनी आम्हाला कळवायचं आणि आम्ही त्या त्या कामाची कार्डं काढून नावं पाठवायची.

शहाऐंशीच्या मे महिन्यात लातुरात आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि यायचं ते टँकरनं. खेड्यांतून माणसं टिकाव-फावडं खांद्यावर टाकून आमच्या दारात उभी राहायची. रोजगार हमीचं काम तहसीलीतून मिळतं, इथून नाही, हे मी दिवसातून वीस वेळा सांगायची. विसाव्या वेळेला आवाज चढायचा. साहेब आतून म्हणायचे, "शिवम्माबाई, हळू." साहेबांचं काय, ते उंटावरून शेळ्या हाकणार. ऐकून घ्यायला खिडकीत मी होते.

अशातच एका गुरुवारी मन्मथअप्पा आले. अप्पांची औसा रोडला दालमिल. चाळीस बाया डाळ निवडायला, वर पंधरा-वीस गडी. पंचवीसच्या वर माणसं असली की रिकामी जागा आम्हाला कळवणं कायद्यानं भाग, म्हणून ते यायचे, आणि दर वेळी पानाचा विडा तोंडात धरून एकच गोष्ट मागायचे.

"बाई, इंजिनवर माणूस पायजे. वीज दिवसातनं चार घंटे राहायली. नवं मोठं इंजिन घेतलंय, पण मिस्त्री गेला सोलापूरला निघून. मंगळवारी कर्नाटकातनं तुरीच्या दोन ट्रका येऊन राहिल्या."

"मग पाठवते की नावं."

"नावं नकोत." अप्पा हसले. "तुमच्याकडं कोण हाय? 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा दाखला द्या म्हंजे झालं. आमच्या मेहुण्याचा पोरगा हाय, त्याला लावतो."

हे दरसालचंच. आमच्याकडून तो दाखला घ्यायचा आणि आपला माणूस चिकटवायचा. मला राग यायचा, पण राग कार्डाचं काम करत नाही. मी फिटरची, मेकॅनिकची कार्डं काढली. तीन निघाली. एक पुण्याला गेलेला, एक दुबईला, तिसरा सहा महिन्यांमागे वारलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी मी म्हटलं, "अप्पा, सोमवारपर्यंत थांबा. सोमवारी नाही मिळाला तर दाखला टाइप करून देते."

"सोमवारी बारा वाजता," अप्पा म्हणाले आणि रिक्षात बसून गेले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आमच्या गल्लीच्या पाण्याचा दिवस. दहाच्या सुमाराला टँकर आला, अर्ध्या गल्लीच्या घागरी भरल्या आणि पुढं सरकायच्या वेळेला गाडी काही चालू होईना. ड्रायव्हर किल्ली फिरवतोय, गाडी नुसतीच कण्हतेय. उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या बायका घागरी घेऊन टँकरकडे धावल्या, पुढच्यांनी आपला नंबर सोडायला नकार दिला, आणि तुंबळ सुरू झालं. आमच्या फाटकापुढंच. माझ्या खिडकीतली रांगही तमाशा बघायला वळली.

रांगेतला एक माणूस मात्र बघत नव्हता, ऐकत होता. तिशी ओलांडलेला, काटक, पांढरा सदरा धुऊन धुऊन पिवळा पडलेला. त्यानं हातातलं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं, म्हणाला, "बाई, आलोच," आणि बाहेर गेला. ड्रायव्हरला म्हणाला, "किल्ली सोड. हवा धरलीय डिझेलात. बॅटरी मारशील उगं. पाना हाय का?"

ड्रायव्हरनं आधी दोन शिव्या हासडल्या आणि मग पाना दिला. या माणसानं बॉनेट उघडून कुठलासा नट सैल केला, बोटानं काहीतरी दाबत राहिला, फेसाळ डिझेल बाहेर आलं, मग नितळ आलं, तसा नट आवळला. "हां, मार आता." गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. बायका भांडण विसरून नव्यानं भांडायला पुढच्या कोपऱ्यावर गेल्या.

तो हात सदऱ्याला न लावता, कोपरापासून वर धरून आत आला. मी त्याचं कार्ड बघत होते. पंढरी सोनकांबळे, गाव पिंपळदरी, किल्लारीच्या अलीकडे. शिक्षण आठवी. नोंदणी त्र्याऐंशीची. अनुभव: निरंक. अक्षर माझंच.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्याच्यात? गावात सतरा इंजिनं हायती हिरीवर. नऊ सालं झाली, समदी मीच बघतो. आता हिरी आटल्या. इंजिनं गप हायती, मी बी गप."

"मग कार्डावर का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं, नौकरी केली का? म्या म्हनलो न्हाई. खरंच हाय की. नौकरी कुठं केली म्या? सुगीला पाटील पायलीभर ज्वारी घालायचे."

माझ्या कानशिलावर कुणी दिल्यासारखं झालं. किती जणांना मी तसंच विचारलं असेन? "नोकरी केली का? नाही? पुढचा." त्या पोत्यांत किती जणांच्या हातात काय काय होतं आणि मी ठसठशीत अक्षरात निरंक लिहून मोकळी झाले होते. राग आला की मी दुसऱ्यावर काढते, पण त्या दिवशी काढायला दुसरं कुणी नव्हतं. पंढरीच्या मनात मात्र तो शब्द रुतलेला होता, हे मला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "पोरीनं वाचून दाखिवलं मला. 'बाबा, निरंक म्हंजे काईच न्हाई.' नववीत गेलीय आमची सुजाता."

त्याच सुजातेसाठी तो कार्डाचं नूतनीकरण करायला तीस मैल आला होता. गावातली आठ बिऱ्हाडं मंगळवारी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून हैदराबादला बांधकामावर जाणार होती, त्यात याचंही नाव होतं. गेला की पोरीची शाळा गेली. राहिला तर खायचं काय हा प्रश्न.

मी त्याला अप्पांच्या मिलचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. मी कार्ड घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही, नियमाचा आहे. म्हणाले, "अनुभवाचा पुरावा हवा. ज्याच्याकडे काम केलं त्याचा लेखी दाखला. त्याशिवाय मिस्त्री म्हणून नाव कसं पाठवणार?"

"उद्या घेऊन या," मी पंढरीला सांगितलं. "पाटलांचं चार ओळींचं पत्र. या साली ते त्या साली, इंजिनाचं काम केलं, एवढंच."

शनिवारी तो आला तो रिकाम्या हातानं. शेषेराव पाटलांच्या तीन विहिरींवरची इंजिनं त्यानं नऊ वर्षं सांभाळली होती, आणि शेषेराव पाटील म्हणाले होते, काम केलंस ते खरं, पण लिहून देणार नाही.

"का पण?" माझा आवाज चढला.

"मी काय सांगू बाई? मोठी मान्सं. कागद म्हनलं की त्यांच्या पोटात गोळा येतो." तो उठला. "जाऊ द्या. तुमी लई केलंत. जयभीम."

त्याच्या त्या 'जाऊ द्या'नं मी रात्रभर तळमळले, आणि रविवारी सकाळी किल्लारीची एस.टी. पकडून फाट्यावर उतरले. लिपिकानं उमेदवाराच्या गावी जायचं असं कुठल्याही परिपत्रकात नाही. नवऱ्याला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं. मावशी मरून तीन वर्षं झाली होती, हे त्याच्या दुपारी लक्षात आलं म्हणे.

शेषेराव पाटील ओसरीवर बसले होते. साठीचे, भरघोस मिशांचे. त्यांच्या बायकोनं, साखराबाईंनी, मला आधी पाणी दिलं, तेही दुष्काळात तांब्याभर, आणि मग दाराआड उभ्या राहिल्या. मी सरळ विषयाला हात घातला.

"पाटील, पंढरीनं तुमचं काम केलं की नाही?"

"केलं की. नाही कोन म्हनतं? त्याच्यावानी हात लातूर-नांदेडात न्हाई."

"मग तेवढंच लिहून द्या."

पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बाई, बासष्ट साली माझ्या बापानं एका गड्याला चिठ्ठी दिली. त्याला सोसायटीतनं बी-बियाणं पायजे होतं. 'आमच्या हिरीवरल्या मळ्यात कामाला हाय' एवढी एक वळ. त्याच चिठ्ठीवर त्यानं तहसिलीत कूळ म्हनून नाव लावलं. बारा एकर काळी जमीन गेली. बाप मरताना मला म्हनला, शेष्या, कुनाला जेवू घाल, पैका दे, पन कागद देऊ नको."

"अहो, पंढरीला तुमची जमीन नको, नोकरी हवी. आणि पत्रात जमिनीचं नाव कुठं येतंय? इंजिन दुरुस्त केलं म्हणायचं."

"इंजिन कुठं हाय? हिरीवर. हीर कुठं हाय? रानात. वकिलाला एवढं पुरतंय."

मी समजावलं, चिडले, कायदा सांगितला, पुन्हा चिडले. त्यांचंही खोटं नव्हतं, हे मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. बारा एकरांची भीती त्या माणसाच्या हाडात मुरली होती. शेवटी मी पिशवी उचलली. तेवढ्यात दाराआडून साखराबाई बोलल्या.

"लिवायचं भ्या वाटतंय, तर बोलायला कशाचं भ्या? तोंड तर हाय की तुमाला."

पाटलांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बघू" म्हणाले. 'बघू' म्हणजे नाही, हे पंधरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला सांगायला नको. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत मी उन्हात दीड तास उभी राहिले आणि सगळ्या पुरुषजातीला शिव्या घातल्या.

सोमवारी मी रजेचा अर्ज टाकला, आदल्या दिवशी गावातच यायला सांगून ठेवलेल्या पंढरीला घेतलं आणि सरळ मिलमध्ये गेले. साहेबांच्या नियमात बसत नव्हतं, तर मी त्यांच्या दृष्टीनं तिथं नव्हतेच. अप्पा मला बघून चकित झाले. "दाखला आणला का?"

"माणूस आणलाय," मी म्हटलं. "आधी त्याला इंजिन दाखवा."

मिल बंद होती. चाळीस बाया सुपं बाजूला ठेवून सावलीत बसल्या होत्या, हजेरी लागतेय की नाही या काळजीत. पंढरी त्या मोठ्या इंजिनाभोवती दोन वेळा फिरला. एवढं मोठं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मग त्यानं नोझल काढलं, बघितलं, नाक मुरडलं, रॉकेल मागितलं. दोन तास तो त्यात डोकं घालून होता. मेहुण्याचा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा होता आणि मधूनमधून घड्याळ बघत होता. साडेबाराला पंढरीनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला इंजिन खोकललं आणि धडधडायला लागलं. बाया उभ्याच राहिल्या. एकीनं तर टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं झालं. पण अप्पा व्यापारी. ते आम्हाला गादीवर घेऊन गेले, माझ्यासाठी पाणी मागवलं आणि म्हणाले, "हात चांगला हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन बाई, इंजिन चालू करणारे मिळतात. पहाटे हाक मारली तर उठून येणारा मिळत न्हाई. मागचा मिस्त्री बी हुशारच होता, भर हंगामात गेला निघून. ह्याला मी वळखत न्हाई. कुनी वळखीचं हाय का सांगणारं?"

पंढरी दारातच उभा होता. काळ्या पडलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "सांगणारं कोन न्हाई, अप्पा."

"हाय," दारामागून आवाज आला.

शेषेराव पाटील. धुतलेलं धोतर, फेटा, आणि उन्हानं लाल झालेला चेहरा. साखराबाईंनी त्यांना पहाटेच एस.टी.त बसवलं होतं, आधी आमच्या कार्यालयात जाऊन मग विचारत विचारत ते मिलवर पोचले होते. अप्पा उठून उभे राहिले. अप्पांची आडतही होती आणि पाटलांची तूर सालोसाल तिथंच विक्रीला यायची, हे मला तेव्हा कळलं. आडतीवर आजही भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो आणि दिलेला शब्द कागदापेक्षा पक्का धरतात. पुराव्यासाठी मी तीन दिवस ऊर फोडत होते, आणि अप्पांना हवा होता तो पुरावा पाटलांच्या तोंडात होता.

पाटील बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, पंढरीकडे न बघता.

"अप्पा, ह्या मान्सानं नऊ सालं माझ्या तीन हिरीवरली इंजिनं बघितली. रातच्याला हाक मारली, आला. ताप अंगात आसताना आला. त्याचा बाप वारला त्या दिवशी बी सांच्याला आला, माझा ऊस वाळत होता म्हनून." त्यांनी फेटा सारखा केला. "आनि आसं हाय, अप्पा. माझ्या घरात नऊ सालं जे पानी पेलो आमी, ते ह्याच्या हातानं वर आलं. आन त्याला पानी द्यायचं म्हनलं तर आमी वरून वतायचो. हे मी कुनाला बोललो न्हाई आजवर."

बाहेर इंजिन चालूच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पंढरीनं मात्र मान वर केली होती.

अप्पांनी हजेरीत नाव घालायला दिवाणजीला हाक मारली. "उद्यापासनं ये, पंढरी. मागं एक खोली रिकामी हाय, बिऱ्हाड आन. पोरंबाळं असतील त्यांची शाळा हितंच बघ." मग मेहुण्याच्या पोराकडे वळून म्हणाले, "तू ह्याच्या हाताखाली शीक आधी." पोरगं तोंड पाडून बाहेर गेलं.

झालं. सगळे उठले. पाटलांनी चपला शोधायला सुरुवात केली, मी पदर सावरला. पंढरी जागचा हलला नाही.

"पाटील," तो म्हणाला. तोंडावर तो त्यांना नेहमी मालक म्हणायचा. "आता बोललात ते कागदावर द्या."

पाटील गोंधळले. "आरं, काम तर लागलं की! आता कशाला कागद?"

"काम मला हाताखातर लागलं, आन तुमच्या शब्दाखातर. पन शब्द ह्या चौघांनी ऐकला. माझ्या पोरीनं कुठं ऐकला? ती कार्ड वाचून ऱ्हायली, बाप काईच न्हाई म्हनून. तिला वाचता येतंय, पाटील. मला ती नऊ सालं लिवून पायजेत."

मला वाटलं, आता बिनसलं. अप्पाही खाली बघायला लागले. पाटील चपलेत एक पाय घालून उभे होते. बापाचं मरताना सांगितलेलं त्यांच्या कानात वाजत असणार. बारा एकर डोळ्यांपुढं असणार. मग त्यांनी चपलेतला पाय काढला, गादीवर मांडी घातली आणि हात पुढं केला.

"अप्पा, कागद हाय का?"

ते सावकाश लिहीत होते. प्रत्येक शब्दाला थांबत होते. मध्ये एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "शाहत्तर सालच्या सुगीपासनं ना?" पंढरी म्हणाला, "हाव." मी रविवारी सांगितलेल्या मजकुरात विहीर नव्हती, रान नव्हतं. पाटलांनी दोन्ही घातलं. माझ्या रानातल्या तीन विहिरी, असंच लिहिलं, आणि खाली पाण्याचंही लिहिलं, जसं बोलले तसंच. सही केली, तारीख घातली, आणि कागद अप्पांकडे न देता, माझ्याकडे न देता, थेट पंढरीच्या हातात दिला.

पंढरीनं आधी हात सदऱ्याला पुसले. मग बोट ठेवून, ओठ हलवत, त्यानं सगळं वाचलं. शेवटाशी आला आणि पुन्हा वरून सुरुवात केली. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. पाटलांपुढं न घाबरलेला माणूस आता घाबरलेला दिसला.

"बाई, हे तुमच्या हापिसात जमा करावं लागतंय का?"

मूळ दाखला फाइलला लावावा, नक्कल चालणार नाही, असं परिपत्रक आहे. त्याचा नंबरही मला पाठ आहे.

"नाही," मी म्हटलं. "असल तुमच्याकडंच राहू द्या." आणि अप्पांच्या दिवाणजीकडून दुसरा कागद मागून घेऊन मी तिथंच गादीवर बसले, आणि पंढरीनं दोन्ही हातांत धरलेल्या कागदावरून अक्षर न अक्षर उतरवून घेतलं.